रोजचा ताळा

माझे वडील तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेच्या शाखेत रोखपाल होते. दुपारी ग्राहकांसाठी खिडकी बंद होई, पण आतले खरे काम त्यानंतर सुरू होत असे. आदल्या दिवसाची शिल्लक, आज आलेली रक्कम, आज गेलेली रक्कम आणि तिजोरीत प्रत्यक्ष मोजलेल्या नोटा यांचा मेळ बसल्याशिवाय रोजकीर्दीवर सही होत नसे, आणि सही झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पावसाळ्यात उशीर झाला की आई मला छत्री घेऊन बँकेत पाठवी. मी बाकावर पाय हलवीत बसून त्या चार-पाच मोठ्या माणसांकडे पाहत राही. कोणी आकडे मोठ्याने वाचत असे, कोणी पेन्सिलीने खुणा करीत असे. मध्येच सारे थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई.

अशाच एका संध्याकाळी ५४ रुपये कमी पडत होते. नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण कारकून मान खाली घालून उभा होता. त्या दिवशीच्या बऱ्याच नोंदी त्याच्या हातच्या होत्या, आणि कोणी काही बोलत नसले तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या. वडिलांनी एका कागदाच्या कोपऱ्यात ५४ ला ९ ने भाग दिला. भाग पूर्ण गेला. "आकडे उलटे पडलेत कुठंतरी," ते म्हणाले. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, हे रोखपालाच्या धंद्यातले जुने शहाणपण. थोड्याच वेळात ८२ रुपयांचे एक खर्चाचे व्हाउचर सापडले; कीर्दीत ते २८ असे उतरले होते. नोंद दुरुस्त झाली, सही झाली, दिवे मालवले गेले. ती नोंद कोणाच्या अक्षरातली होती ते वडिलांनी मला घरी येतानाही सांगितले नाही. मी खोदून विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी व्हाउचराकडं बघायचं. माणसाकडं बघायला नंतर वेळ असतो."

रोज एवढा खटाटोप कशासाठी, महिन्याच्या शेवटी एकदाच का करीत नाही, असेही मी त्यांना विचारले होते. त्यांचे उत्तर मला पुढे फार उपयोगी पडले. एका दिवसाची चूक एका दिवसाच्या कागदांत असते, ते म्हणाले. तीच महिनाभर राहू दिली तर महिन्याच्या कागदांत शोधावी लागते, आणि तोवर तिच्या अंगावर दुसऱ्या दहा चुका चढून बसलेल्या असतात.

१९९७ साली मी नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथलीच झाले. माझे काम आज्ञावल्या लिहिण्याचे. बाहेरच्यांना वाटते, हा एकट्याने बसून करण्याचा उद्योग आहे. वास्तविक एका आज्ञावलीवर पाच, दहा, कधी पन्नास माणसे एकाच वेळी लिहीत असतात. प्रत्येकाने आपापला भाग घेऊन तीन-चार आठवडे काम करायचे आणि मग सर्वांचे भाग एका सामाईक संग्रहात एकत्र करायचे, अशी त्या वेळी आमची पद्धत होती. या एकत्र करण्याच्या आठवड्याचा आम्हा सर्वांना धसका असे. कोणी एका सूत्राला द्यायच्या संख्यांचा क्रम बदललेला असे, आणि दुसऱ्याने जुना क्रम गृहीत धरून शंभर ओळी लिहिलेल्या असत. दोघांचेही आपापल्या संगणकावर बिनचूक चाललेले असे. एकत्र आल्यावर मात्र व्याजाच्या जागी मुद्दल आणि मुद्दलाच्या जागी व्याज दिसू लागे. मग महिन्यापूर्वी कोणी काय बदलले याची चौकशी सुरू होई, आणि चौकशी म्हटली की आवाज चढतातच.

यावर जगात इतरत्र उपाय शोधला गेला होता. अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात १९९६ पासून केंट बेक आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. तिथे त्यांनी असा शिरस्ता घातला की, प्रत्येकाने आपले काम काही तासांतच सामाईक संग्रहात मिसळावे, आणि मिसळताना सगळ्या चाचण्या चालवून पाहाव्यात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बेक यांनी ही पद्धत मांडली. आमच्या व्यवसायात तिला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. मला तिच्याविषयी प्रथम वाचताना नावाचे किंवा तंत्राचे नवल वाटले नाही. कंदिलाच्या उजेडातली ती रोजकीर्द मात्र डोळ्यांपुढे आली. पगारपत्रक करणाऱ्या माणसांना हा उपाय सुचावा, हेही मला साहजिक वाटले.

प्रत्यक्षात ती पद्धत मी आमच्या कचेरीत आणली ती पुष्कळ उशिरा, २०१७ च्या पावसाळ्यात. आम्ही पतसंस्थांसाठी कर्जाचे हप्ते, व्याज आणि पावत्या यांची आज्ञावली तयार करीत होतो. संग्रह गिटमध्ये होता. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेली ही व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद ठेवते, आणि प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. त्यामुळे मागची नोंद कोणाच्या नकळत खोडता येत नाही. कीर्द होती, तिचा ताळा घेणारे कोणी नव्हते. ते काम यंत्राकडे सोपवायचे होते.

कल्पना साधी आहे. संग्रहातच एक लहानशी फाइल ठेवायची आणि तीत पायऱ्या लिहायच्या. कोणी बदल पाठवला की दूरवरचा एक कोरा संगणक जागा होतो, संग्रहाची ताजी प्रत उतरवून घेतो, लागणारी साधने मांडतो, आज्ञावली बांधतो, चाचण्या चालवतो आणि निकाल कळवून स्वतःला पुसून टाकतो. या पायऱ्यांच्या मालिकेला पाइपलाइन म्हणतात. सर्व चाचण्या उतरल्या तर हिरवी खूण, एकही फसली तर लाल. लाल असेपर्यंत तो बदल मुख्य संग्रहात शिरू शकत नाही.

कल्पना साधी असली तरी पहिले तीन आठवडे हिरवी खूण म्हणून दिसली नाही. कोऱ्या संगणकाने आमचे अज्ञान एकेक करून उघडे केले. एक साधन कोणत्या आवृत्तीचे हवे, हे कुठेच लिहिलेले नव्हते; ज्याच्या त्याच्या संगणकावर जे होते त्यावर भागत आले होते. मराठी आणि कन्नड पावत्या छापण्याचा फॉन्ट एका जुन्या सहकाऱ्याच्या यंत्रावर होता आणि तिथूनच सगळीकडे हातोहात गेला होता. घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्याला दिव्याचे बटण अंधारातही सापडते. पाहुण्याला ते सांगावे लागते. हा पाहुणा दर वेळी नव्याने येणारा होता. त्याला सांगता सांगता आमचे घर आम्हालाच नीट कळले. आवृत्त्या लिहून ठेवल्या, फॉन्ट संग्रहात आला, गुप्त परवल्या संग्रहातून काढून वेगळ्या तिजोरीत ठेवल्या. चाचण्यांना चाळीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ कोणी थांबत नसे. मग त्या चार संगणकांवर वाटून दिल्या आणि निकाल दहा मिनिटांत येऊ लागला.

एक गोष्ट मी त्यात आपल्या मनाने घातली. कचेरीच्या भिंतीवर एक पडदा लावला. संग्रह हिरवा असला की तो हिरवा दिसे, लाल झाला की लाल. आणि लाल झाला की ज्याच्या बदलाने झाला त्याचे नाव मोठ्या अक्षरांत येई. ज्याचे नाव येईल त्याने सर्वांना मैसूरपाक आणायचा, अशी गमतीची शिक्षाही मीच ठरवली. सर्वांनी हसून मान्य केली. आज वाटते, वडिलांनी ज्या गोष्टीविषयी घरी येतानाही तोंड उघडले नाही, ती मी भिंतीवर टांगली.

मला निदान हे तरी ठाऊक असायला हवे होते, की या यंत्रांच्या जन्मामागेही अशीच एक लाज होती. ज्या आज्ञावलीने हे काम जगभर रुळवले ती कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना लिहिली. तिचे मूळ नाव हडसन. २०११ पासून ती जेन्किन्स या नावाने ओळखली जाते. आपल्या बदलांनी सर्वांचे काम वारंवार मोडते आणि सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो, याला कंटाळून त्यांनी ती रचली होती. चूक लोकांपर्यंत जाण्याआधी आपल्याला एकट्याला कळावी, एवढीच त्यांची मूळ इच्छा. मी त्याच साधनाची दवंडी केली होती.

२०२२ साली आमच्याकडे धारवाडचा एक तरुण आला. त्याची आजी मराठी बोलणारी, त्यामुळे तो माझ्याशी कानडी वळणाच्या गोड मराठीत बोले आणि मला अक्का म्हणे. काम स्वच्छ, स्वभाव अबोल. पण पडद्यावर त्याचे नाव वारंवार येऊ लागले. सकाळी कचेरीत यावे तर पडदा लाल आणि खाली याचे नाव. आम्ही 'पुन्हा चालवा' हे बटण दाबत असू, आणि दहा मिनिटांत हिरवे होई. खरे तर काहीही न बदलता लालाचे हिरवे कसे झाले, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. माझ्या वडिलांच्या कचेरीत शिल्लक जुळली नाही म्हणून कोणी नोटा पुन्हा मोजल्या आणि या खेपेस ती जुळली, तर ते तेवढ्यावर समाधान मानून घरी गेले नसते. मी मात्र बटण दाबून कामाला लागत होते.

तीन-चार महिन्यांनी मी सकाळच्या बैठकीत, सर्वांसमोर, त्याला म्हणाले, "पाठवण्याआधी एकदा नीट तपासत जा. तुझ्यामुळे सगळ्यांचं अडतं." तो म्हणाला, "माझ्या संगणकावर चालतं, अक्का." बैठकीत हशा पिकला. आमच्या व्यवसायात हे वाक्य चुकार माणसाची पळवाट म्हणून प्रसिद्ध आहे. मीही हसले. तो पुढे काही बोलला नाही. त्या दिवशी त्याने मैसूरपाक आणला, आणि मी तो खाल्ला.

त्यानंतर त्याचे नाव पडद्यावर येणे थांबले. मी समाधानाने त्याला म्हटले, "बघ, लक्ष दिलं की जमतं." काही महिन्यांनी तो दुसरीकडे नोकरी मिळाल्याचे सांगून निघून गेला. निरोपाच्या वेळी त्याने मला वाकून नमस्कार केला.

२०२३ च्या डिसेंबरात एका रात्री मला झोप येत नव्हती. दिवसा पाहिलेल्या एका फाइलीत, आज्ञावलीच्या ओळीत नव्हे, तिच्या शेजारच्या टिपणात, एक शब्द चुकलेला होता. उठून तो दुरुस्त केला आणि पाठवला. रात्रीचा एक वाजला होता. दहा मिनिटांनी लाल खूण आली. टिपणातल्या एका वेलांटीने पतसंस्थेचे हिशेब बिघडत नसतात. पाठवणारी मी होते, आणि मी काही केलेले नाही याची मला खात्री होती. बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि फसलेली चाचणी उघडून वाचू लागले. चाचणी २०२१ साली लिहिलेली होती. लिहिणारी मीच. ती जिची परीक्षा घेत होती ती पावतीची आज्ञावलीही माझीच.

चूक एका ओळीची होती. पावतीवर तारीख घालताना मी 'आज' कोणता हे चालू संगणकाच्या घड्याळाला विचारले होते. आमच्या टेबलांवरचे संगणक भारतीय वेळ दाखवतात. दूरचे संगणक मात्र जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे असते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढ्या वेळात इथे नवा दिवस उजाडलेला असतो आणि त्यांच्या घड्याळात कालचाच दिवस चालू असतो. चाचणी भारतीय तारीख मागत होती. आज्ञावली कालची देत होती. दिवसभरात दोघींचे एकमत, रात्री मतभेद. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर आपली प्रमाणवेळ बेतलेली आहे. ती १९०६ साली लागू झाली, तरी मुंबई शहराने १९५५ पर्यंत तिच्या ३९ मिनिटे मागची आपली वेगळी वेळ सांभाळली होती. एकाच दिवसाला दोन घड्याळे असण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. माझ्या ते लक्षात आले नाही, एवढेच.

मग साऱ्याचा उलगडा होत गेला. तो मुलगा रात्री काम करीत असे. त्याचे बदल मध्यरात्रीनंतर जात आणि लाल होत; सकाळी आम्ही बटण दाबत असू तेव्हा साडेपाच उलटून गेलेले असत. त्याच्या संगणकावर खरोखरच चालत होते. तो अक्षरशः खरे बोलला होता. आणि त्याचे नाव येणे थांबले, याचा अर्थ त्याचे लक्ष वाढले असा नव्हता. त्याने बदल सकाळी पाठवायला सुरुवात केली होती.

याहून वाईट गोष्ट पहाटेपर्यंत कळली. ज्या संगणकांवर पतसंस्थांची खरी खाती होती, तेही जागतिक वेळेवर चालत होते. म्हणजे लाल खूण खोटी नव्हती. ती इतके दिवस एका खऱ्या दोषाकडे बोट दाखवीत होती. महिन्याच्या १ तारखेला मध्यरात्रीनंतर कोणी फोनवरून हप्ता भरला, तर तो मागच्या महिन्यात जमा होत होता, आणि चालू महिन्याचा हप्ता थकल्याचे दिसून त्याला दंड लागत होता. अशा तक्रारी आल्या होत्या. 'ग्राहकाची समजुतीची चूक' असा शेरा मारून आम्ही त्या बंद केल्या होत्या. रात्री एक वाजता हप्ते भरणारी माणसे कोण असतात? रात्रपाळी करून आलेली, रिक्षा लावून घरी शिरलेली, रुग्णाच्या उशाशी जागणारी. पावत्या मोजक्याच निघाल्या आणि दंडाच्या रकमा लहान होत्या. आम्ही त्या पतसंस्थांना कळवून सभासदांना परत करवल्या. पण ज्याला ताळा मागण्याची सवय नसते तोच नेमका भुर्दंड सोसतो, हे मला त्या यादीवरून नजर फिरवताना विसरता आले नाही.

त्याचा क्रमांक माझ्याकडे होता. फोन करायला मला दोन दिवस लागले. मी सगळे सांगितले, एकेक ओळ. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. ती झोपली की मी वॉर्डाबाहेर बसून काम करायचो. मला वाटलं, रात्री माझं डोकंच चालत नाही." थोडे थांबून त्याने विचारले, "म्हणजे मी नीटच करत होतो?" मी हो म्हणाले. आई आता बरी आहे, तेही त्याने सांगितले. त्याने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही. तो प्रश्न विचारून त्याला पुन्हा भिडेत घालण्याचा मला अधिकार नव्हता.

पाइपलाइन अजून चालू आहे. तिच्यात काही बदल केले. चाचण्या आता कोणी काही पाठवो वा न पाठवो, मध्यरात्री अडीच वाजताही एकदा चालतात. 'आज' कोणता हे यंत्राच्या घड्याळाला न विचारता आज्ञावलीला उघडपणे सांगावे लागते, आणि चाचणीत तो हवा तसा, महिनाअखेरीचा किंवा २९ फेब्रुवारीचा, देऊन पाहता येतो. 'पुन्हा चालवा' हे बटण दाबणाऱ्याने दाबण्याचे कारण लिहून ठेवायचे, असा आम्ही नियम केला आहे. निकाल आधी फक्त पाठवणाऱ्याला जातो. भिंतीवरचा पडदा मी स्वतः उतरवला. मैसूरपाक अजून येतो, पण तो कोणी एखादा जुना दोष शोधून काढला की.

शाळेत गुरुजींनी आम्हाला गुणाकाराचा नवाचा ताळा शिकवला होता. अंकांची बेरीज करीत जायचे आणि दोन्ही बाजूंचा एकच अंक उरला की गणित बरोबर समजायचे. मी तो वडिलांना मोठ्या अभिमानाने करून दाखवला, तेव्हा त्यांनी पाटीवर ८२ आणि २८ हे दोन आकडे लिहिले आणि दोन्हींची बेरीज करायला सांगितली. दोन्हींची १० आली. "बघ," ते म्हणाले, "आमच्याकडं जी चूक सगळ्यात जास्त होते, नेमकी तीच तुझ्या ताळ्याला दिसत नाही." मग ताळा करायचा की नाही, असे मी गोंधळून विचारले. "करायचा तर," ते म्हणाले, "रोज करायचा. पण त्याला काय दिसत नाही, ते आपण लक्षात ठेवायचं."

वडील २००९ साली गेले. त्यांनी माझे काम कधी पाहिले नाही, आणि पाहिले असते तर पडद्यावरच्या रंगांचे त्यांना फारसे कौतुक वाटले नसते. अडीचच्या चाचणीचा निकाल रोज सकाळी माझ्याकडे येतो. बहुधा तो हिरवा असतो. तरीही आठवड्यातून एकदा मी चहाचा पेला बाजूला ठेवून त्या हिरव्या खुणेच्या आतल्या ओळी एकेक करून वाचते. कोणी सांगितलेले नाही. सही करण्यापूर्वी कीर्द वाचावी, एवढीच सवय.